मेडिकलवाल्यांनो, औषधं परत घ्या, पैसे नकोत

पुण्यातल्या सगळ्या केमिस्ट मंडळींना आणि त्यांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या काउंटरवर बहुतेक ठिकाणी एक पाटी असते, कधी छापील, कधी स्केचपेननं लिहिलेली. कापलेली पट्टी परत घेतली जाणार नाही, फ्रिजमधली औषधं परत घेतली जाणार नाहीत, बिलाशिवाय काहीच परत घेतलं जाणार नाही. पुणं असल्यामुळे काही ठिकाणी त्याखाली 'कृपया वाद घालू नये' हे पण असतं. पाटी बरोबरच आहे, हे आधीच सांगून टाकते. एकदा गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली गोळी तिथे खिडकीतल्या उन्हात पडली होती का गॅसच्या ओट्याशेजारी, हे तुम्हाला कळायला काही मार्ग नाही, त्यामुळे ती परत घेऊन दुसऱ्या पेशंटला देणं चुकीचंच. माझी मागणी वेगळी आहे. परत घ्या, पण विकायला नाही, नष्ट करायला पाठवण्यासाठी. आणि आम्हाला पैसे अजिबात नकोत. क्रेडिट नोट नको, बदली माल नको, 'पुढच्या बिलात वळते करा' पण नको. फक्त ती औषधं आमच्या घरातून नीट बाहेर पडू देत.

आता हे तुम्हालाच का सांगतेय. कारण एक्सपायर झालेल्या औषधाचं काय करायचं हे या शहरात कुणाला नीट ठाऊक असेल तर ते तुम्हाला. तुमच्या शेल्फवर एखाद्या पट्टीची तारीख उलटली तर तिची व्यवस्था ठरलेली असते. ती विक्रीच्या मालातून बाजूला काढायची, वेगळ्या खोक्यात ठेवायची, खोक्यावर 'नॉट फॉर सेल' असं ठळक लिहायचं, हे १९४५ च्या औषध नियमांतच आहे. मग एक्सपायरी-ब्रेकेजची यादी करून तो माल स्टॉकिस्टकडे, म्हणजे सदाशिव पेठेतल्या तुमच्या होलसेलवाल्याकडे, तिथून कंपनीच्या सी अँड एफ एजंटकडे, म्हणजे कंपनीचा माल ठेवून पुढे पाठवणाऱ्याकडे, तिथून पुढे कंपनी तो नष्ट करणार. तुम्हाला क्रेडिट नोट मिळते. (मिळते, पण उशिरा आणि कापून, हे गाऱ्हाणं मी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय.)

म्हणजे बघा, तीच पट्टी, तीच बॅच, तीच तारीख. दुकानात पडून राहिली तर तिला परत जायला रस्ता आहे, यादी आहे, टेम्पो आहे. आणि मी बिल करून घरी आणली की तिला रस्ताच नाही, ती कुणाचीच नाही. औषध तितकंच जुनं, तितकंच धोक्याचं, फक्त मधे एक बिल फाटलं. मला या पत्रात जे म्हणायचंय ते एवढंच आहे, तो उलटा रस्ता तुमच्या काउंटरपर्यंत येऊन थांबतो तो आमच्या दारापर्यंत नको, फक्त तुमच्या काउंटरच्या या बाजूपर्यंत वाढवा. पाऊणएक मीटर.

घरात औषधं उरतातच कशी असं कुणी विचारेल, तर त्यातला एक भाग तुमच्याच काउंटरवर तयार होतो. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या सहा गोळ्या लिहिलेल्या असतात, पट्टी दहाची असते, आणि तुम्ही म्हणता पूर्ण घ्यावी लागेल. त्यामागचं कारण पण मला माहितीये, बॅच नंबर आणि तारीख पट्टीच्या एका टोकाला असते, अर्धी कापली की उरलेल्या तुकड्यावर काहीच राहत नाही आणि असा तुकडा कंपनी सहसा परत घेत नाही, म्हणजे नुकसान तुमचं. ठीक आहे, पण त्या उरलेल्या चार गोळ्या मग आमच्या डब्यात येऊन बसतात. बाकीची कारणं आमची. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली, जुनीच्या दोन पट्ट्या शिल्लक. पोराला अँटिबायोटिकचा कोरडा सिरप पाणी घालून बनवला, तो आठवडाभरच चालतो, बाटलीत निम्मा राहिला. आयड्रॉप्स उघडल्यावर महिनाभरात टाकायचे असतात हे कितीजणांना माहितीये देव जाणे, बाटलीवरची तारीख दोन वर्षं पुढची बघून लोक तेच डोळ्यात घालत बसतात. आणि घरातलं आजारी माणूस गेलं की त्याच्या उशाशी जे राहतं त्याला तर हातच लावावासा वाटत नाही कुणाला, वर्षभर पिशवी कपाटात तशीच असते आणि मग घटस्थापनेच्या आधीच्या आवराआवरीत कुणीतरी डोळे मिटून ती कचऱ्यात टाकतं.

कचऱ्यात टाकलं म्हणजे कुठे टाकलं, तर माणसाच्या हातात टाकलं. मी सिंहगड रोडला राहते, आमच्या सोसायटीच्या कमिटीत कचऱ्याचं खातं माझ्याकडे आहे (कुणालाच नको होतं म्हणून), त्यामुळे सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंशी रोजचं बोलणं होतं. त्या सांगतात, सिरपची भरलेली बाटली भंगारवाला घेत नाही, रिकामी लागते, मग झाकण उघडून ती कुठेतरी ओतावी लागते, बहुतेक वेळा गटारातच. गोळ्यांच्या पट्टीला तर भंगारात काही भावच नाही, एका बाजूला प्लॅस्टिक आणि दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम चिकटवलेलं, ते वेगळं कोण करणार. सुई पिशवीत कुठे आहे हे ती टोचल्यावर कळतं. आता याच डब्यात कॅन्सरच्या गोळ्या पण असतात हो, आजकाल तोंडाने घ्यायची केमो घरी दिली जाते, आणि संधिवाताला मेथोट्रेक्सेट (ते पण मुळात कॅन्सरचंच औषध) तर कितीतरी घरांत चालू आहे. हॉस्पिटलमध्ये याच जातीची एक्सपायर औषधं असली तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ती १२०० अंशांच्या वर तापमानाला जाळायची असतात. आणि आमच्याकडे ती ओल्या-सुक्याच्या मधे कुठेतरी भाजीच्या पिशवीत.

या ताईंच्याच बाबतीत पुण्यानं एक चांगलं काम करून दाखवलेलं आहे हे इथे सांगायला हवं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्याला उघडून बघायची वेळ येत नाही, ही लाल ठिपक्याची मोहीम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेनं इथे चालवली. सगळेजण पाळतात असं नाही पण माहिती तरी झालं. औषधांच्या बाबतीत तेवढं पण नाही, कारण ठिपका काढला तरी पुढे ती पिशवी न्यायची कुठे हे ठरलेलं नाही.

मग लोक म्हणतात कचऱ्यात नको तर संडासात टाका, फ्लश करा, विषय संपला. संपत नाही. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प हा मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेला असतो, औषधाचे रेणू काढण्यासाठी नाही. फिट्सवर देतात ती कार्बामाझेपाइन तर अशा प्रकल्पातून जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते म्हणून जगभर ओळखली जाते. आणि आपलं बाहेर पडलेलं पाणी जातं मुळा-मुठेत, तिथून भीमेत, तिथून उजनीत, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते नाहीतर तुमच्यातला कुणीतरी फार्मसीचं पुस्तक काढून मला दाखवेल. नदीत जाणाऱ्या औषधांतला मोठा वाटा हा आपण टाकलेल्या गोळ्यांचा नसतोच, तो आपण गिळलेल्या गोळ्यांचा असतो, शरीरातून लघवीवाटे जातो, आणि त्याला काही इलाज नाही, आजारी माणसानं गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण जो वाटा नुसता फेकल्यामुळे जातो तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे, त्याच्यामुळे कुणी बरंही झालेलं नसतं.

पाण्याचा विषय आमच्या भागात जरा हळवाच आहे. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर येणारा आजार) साथ आली तेव्हा सिंहगड रोडवरचा नांदेड, किरकटवाडी, धायरी हा सगळा पट्टा कसा धास्तावला होता ते आठवत असेल. त्या साथीचा गोळ्यांशी काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर व्हॉट्सअॅपवर उद्या भलतंच फिरेल. पण तेव्हापासून नळाला येणारं पाणी आणि गटाराला जाणारं पाणी दोन्हीबद्दल लोक विचारायला लागले, एवढं खरं.

औषध चुकीच्या ठिकाणी गेलं की काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे आणि तुम्ही रोज जे औषध विकता त्याचंच आहे. डायक्लोफिनॅक. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिलं, ती जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांच्या वर संपली. कारण शोधायला कितीतरी वर्षं लागली, २००४ मध्ये ते पक्कं झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तो मार्ग वेगळा होता, कचऱ्यातून नव्हे, मान्य. पण माणसाला साधी असलेली गोळी दुसऱ्या जिवाला काय करेल हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं हे तरी त्यातून दिसतं.

आणखी एक धोका जो तुम्हाला धंद्यामुळे माझ्यापेक्षा जास्त कळेल. २०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, हॉस्पिटलमधून कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या मिळवायचे आणि त्यात भलतंच औषध भरून विकायचे. म्हणजे रिकाम्या कुपीला बाजार आहे, मग भरलेल्या पट्टीला नसेल? आपण न फोडता, न कापता, बॉक्ससकट कचऱ्यात टाकतो तेव्हा ती कुणाच्या हाती लागून पुन्हा कुठल्या काउंटरवर येईल सांगता येत नाही. त्यात बदनाम शेवटी केमिस्टच होणार.

आता नियम काय म्हणतात ते बघू, कारण असोसिएशनच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच येणार, 'हे आमचं काम आहे का?' तर कागदावर बघितलं तर नाहीये. २०१६ च्या घनकचरा नियमांत (२०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) एक्सपायर औषधं, सुया-सिरिंज, पाऱ्याचे फुटलेले थर्मामीटर, सीएफएल, जुन्या बॅटऱ्या हे सगळं 'घरगुती घातक कचरा' या सदरात घातलं, नागरिकांनी ते तिसऱ्या डब्यात वेगळं ठेवायचं आणि ते गोळा करायला महापालिकांनी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उघडायचं असं लिहिलं. २०२१ मध्ये २३ गावं आली तेव्हा पुण्याची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली होती, नंतर दोन गावं वेगळी झाली तरी हिशोब पंचवीसच्या आसपासच येतो. पंचवीस केंद्रं. तुमच्या रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारून बघा, त्याच्या घराजवळचं कुठे आहे, आणि उत्तर मिळालं तर मला पण कळवा. आणि समजा सगळी पंचवीस उघडली तरी सत्तरीच्या आजोबांनी आठ गोळ्यांची पट्टी घेऊन तिकडे रिक्षानं जायचं, हे होणारे का? मेडिकलमध्ये मात्र ते महिन्यातून दोनदा येतातच, पिशवी हातात घेऊन येतात, तुम्ही त्यांना नावानं ओळखता. पुण्यात दूध घ्यायला जाताना चार मेडिकल लागतात. याहून सोयीचं केंद्र कुठली महापालिका बांधणार आहे.

आणि हे काही माझ्याच डोक्यातून निघालेलं नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं, म्हणजे सीडीएससीओनं, मे २०२५ मध्ये एक मार्गदर्शक दस्तऐवज काढला, त्यात स्पष्ट सुचवलंय की राज्याच्या औषध प्रशासनानं केमिस्ट संघटनांना बरोबर घेऊन सुरुवातीला काही ठिकाणी औषधं परत घ्यायची योजना चालू करावी. त्यातच १७ औषधांची यादी आहे जी उरली तर ताबडतोब फ्लश करा असं सांगितलंय, फेन्टानिल, मॉर्फिन, ऑक्सीकोडोन, ट्रामाडॉल, डायझेपाम वगैरे. वर फ्लश करू नका म्हटलं आणि इथे करा, असा गोंधळ नको म्हणून सांगते, ही अशी औषधं आहेत की एखाद्या लहान मुलानं चुकून एक डोस घेतला तरी जीव जाऊ शकतो आणि नशेसाठी चोरीही होते, म्हणून घरात ठेवण्यापेक्षा तो छोटा तोटा पत्करायचा. बातम्यांमध्ये मात्र 'औषधं फ्लश करा' एवढंच ठळक आलं, सतरा हा आकडा बारीक टायपात, आणि आमच्या ग्रुपवर दोघांनी लगेच अख्खा डबा संडासात रिकामा केल्याचं अभिमानानं कळवलं. व्हिटॅमिनच्या गोळ्यांसकट.

केरळनं हे करून दाखवलंय. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये छोट्या प्रमाणावर सुरुवात केली, मग २०२५ च्या फेब्रुवारीत कोझिकोडमध्ये 'एनप्राउड' नावानं राज्याच्या औषध विभागानंच योजना आणली, निळे डबे ठेवले, शिवाय हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी जाऊन गोळा करतात आणि माल एर्नाकुलमच्या प्रकल्पात जाळायला जातो. हरित कर्म सेनेच्या जागी आपल्याकडे 'स्वच्छ' आहे, एर्नाकुलमच्या जागी रांजणगावला घातक कचऱ्याची सोय आहे, केमिस्टच्या जागी केमिस्टच आहेत. फ्रान्समध्ये १९९३ पासून सिक्लामेड नावाची व्यवस्था आहे, तिचा खर्च औषध कंपन्या उचलतात आणि २००७ पासून तिथल्या प्रत्येक मेडिकलला लोकांची उरलेली औषधं फुकट परत घ्यावीच लागतात, कायद्यानं. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून सरकार पैसे देतं आणि मेडिकलमध्ये जमलेला डबा होलसेलरच्याच गाडीतून परत जातो. हे ऑस्ट्रेलियाचं मला फार आवडलं, कारण तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ माल टाकायला येणारा होलसेलचा पोरगा परत जाताना रिकामाच जातो ना.

आता तुमच्या अडचणी. दादांशी बोलून मी थोडा अंदाज घेतलाय. पहिली, जागा. दुकान दहा बाय बारा, त्यात फ्रिज, त्यात तुम्ही तिघं, डबा ठेवायचा कुठे. डबा लहान ठेवा, भिंतीला लावलेला, वरून पोस्टाच्या पेटीसारखी फट, कुलूप बंद, किल्ली फार्मासिस्टकडे. दुसरी, आणि मला वाटतं खरी अडचण ही आहे, की एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, इन्स्पेक्टर तपासणीला आला आणि दुकानात पोतंभर एक्सपायर माल दिसला तर तो काय म्हणेल. ही भीती अगदी रास्त आहे. 'नॉट फॉर सेल'चा नियम तुमच्या स्वतःच्या मालासाठी आहे, गिऱ्हाइकानं आणून टाकलेल्याबद्दल त्यात शब्द नाही. त्यामुळे अन्न व औषध प्रशासनानं आधी एक परिपत्रक काढायला हवं, की अमुक रंगाचा, सीलबंद, नोंद केलेला डबा हा दुकानाचा स्टॉक धरला जाणार नाही. हे एक पानाचं काम आहे. या पत्राची प्रत मी त्यांना पाठवतेय, पण माझ्या पत्रानं काही हलणार नाही, तुमच्या संघटनेच्या लेटरहेडनं हलेल. तुम्ही एक दिवस बंद पाळलात तर अख्खं राज्य जागं होतं, ती ताकद एकदा यासाठी वापरा की.

तिसरी अडचण पैसे. यात मी तुमच्या बाजूनं आहे. शेड्यूल्ड, म्हणजे सरकारनं किंमत बांधून दिलेल्या, औषधांवर १६ टक्के मार्जिन, त्यातून गिऱ्हाईक ऑनलाइनचा डिस्काउंट दाखवून तुमच्याशी घासाघीस करणार, वर लाइट बिल, फार्मासिस्टचा पगार, आणि आता कचऱ्याचा खर्च पण तुम्हीच करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा खर्च कंपन्यांनी करायला हवा. प्लॅस्टिकच्या पाकिटासाठी उत्पादकाला जबाबदार धरलं जातं, बॅटरीसाठी धरलं जातं, मग पाकिटाच्या आतल्या गोळीनंच काय घोडं मारलंय. पण कंपन्यांपर्यंत कायदा पोचेस्तोवर, दोन-तीन वर्षं तरी महापालिकेनं वाहतूक आणि जाळण्याचा खर्च उचलावा, कारण पंचवीस केंद्रं बांधण्यापेक्षा हे स्वस्तच पडेल. सोसायट्यांनी पण थोडा उचलावा. आमच्या सोसायटीत गणपतीच्या डेकोरेशनवर जेवढा खर्च होतो त्याच्या पाव हिश्शात वर्षभराचे डबे येतील, मी हे मीटिंगमध्ये बोलले तर काय होईल ते मला माहितीये, तरी बोलणार आहे.

आणि ऑनलाइनचा विषय निघालाच आहे तर, धंद्याच्या नजरेनं पण बघा ना. अॅपवाला वीस टक्के डिस्काउंट देईल, दहा मिनिटांत आणून देईल, पण उरलेलं औषध परत घ्यायला तो येत नाही. ते तुम्हीच करू शकता. जुनी पट्टी डब्यात टाकायला आलेलं माणूस नवी पट्टी तुमच्याकडूनच घेऊन जाणार.

काही लोक म्हणतील नष्ट कशाला, चांगली असतील ती गरिबांना द्या. ऐकायला छान वाटतं. फ्रान्समध्ये पण परत आलेली औषधं आधी गरजू देशांना पाठवायचे, २००८ च्या शेवटी ते बंद केलं, कारण त्यात गैरप्रकार शिरले. तुमच्या डब्यात आलेली प्रत्येक गोळी ही जाळायचीच, हा नियम एकदम साधा आणि अपवाद नसलेला हवा. एकदा का 'यातली चांगली बाजूला काढू' सुरू झालं की ती कोण काढतंय आणि कुठे जातायत यावर भांडणं. आणि गरिबाला उन्हात तापलेलं इन्सुलिन का द्यायचं? न फोडलेली, तारीख बाकी असलेली औषधं कुणा संस्थेला द्यायची असतील तर लोकांनी ती थेट तिथल्या डॉक्टरांना विचारून द्यावीत, डब्यात टाकून नाही.

डब्यात काय नको हे पण आधीच ठरवा. सुया आणि सिरिंज नकोत, त्यांना जाड प्लॅस्टिकचा वेगळा डबा लागतो. नार्कोटिक, म्हणजे मॉर्फिनसारखी नशेची, औषधं नकोत, ती घेतली तर तुम्ही नसत्या कायद्यात अडकाल, ज्यांच्या घरी कॅन्सर पेशंटचं मॉर्फिन किंवा फेन्टानिलचे पॅच उरलेत त्यांच्यासाठी वरची सतरांची यादी आहे, शंका असेल तर त्यांनी ते ज्या हॉस्पिटलनं दिले त्यांनाच फोन करून विचारावं, हे तुम्ही काउंटरवर सांगू शकता आणि हळुवारपणे सांगा, ती माणसं कुठल्या दिवसांतून गेलेली असतात तुम्हाला ठाऊकच आहे. बाहेरचे पुठ्ठ्याचे बॉक्स आणि आतली माहितीपत्रकं सुक्या कचऱ्यात जाऊ देत, डबा उगाच भरतो. पट्टीतून गोळ्या फोडून काढायची गरज नाही, पण कात्रीनं पट्टी आडवी कापून टाकायला सांगा, म्हणजे ती पुन्हा विकायच्या लायकीची राहत नाही. आणि प्रिस्क्रिप्शन किंवा बाटलीवर पेशंटचं नाव असेल तर ते खरडून टाका.

डबा उघडल्यावर आत काय निघतंय हे फार्मासिस्टनं वर्षातून एकदा तरी नुसतं नजरेखालून घालावं असं मला फार वाटतं. त्यात अँटिबायोटिकच्या अर्धवट पट्ट्या किती आहेत बघा. म्हणजे इथे लोकांनी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडून दिलं, आणि डबा नसता तर हीच उरलेली पट्टी पुढच्या पावसाळ्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी 'माझ्याकडे आहे ना, घे' म्हणून दिली असती. २०१६ मध्ये सरकारनं लाल रेघेची मोहीम काढली, लाल रेघ असलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ती पट्टीवरची रेघ अजून आहे पण घरातल्या डब्यापुढे तिचं काही चालत नाही.

मी काय सुचवतेय ते एकदा सलग लिहिते. सगळ्या पुण्यात एकदम नको, उद्घाटन होईल, फोटो येतील आणि डबे धूळ खात पडतील. दोन भाग घ्या, एक सदाशिव पेठ-नवी पेठ कारण होलसेलवाले तिथेच आहेत आणि एक आमचा सिंहगड रोड कारण इथे ओरडणारी मी आहे. प्रत्येक भागात स्वतःहून तयार असतील तेवढीच दुकानं, जबरदस्ती कुणावर नाही. डबा भरला की वजन करायचं, वहीत लिहायचं, फार्मासिस्टची सही, महापालिकेच्या गाडीवाल्याची सही, आणि जाळून झाल्याची पावती परत दुकानात आली पाहिजे. ही पावती महत्त्वाची, ती भिंतीवर लावा. सुरुवात २५ सप्टेंबरला करा, जागतिक फार्मासिस्ट दिन असतो, तुमचे सत्कार-समारंभ तसेही असतातच त्या दिवशी. सोसायट्यांमध्ये जाऊन लोकांना सांगायचं काम, पोस्टर चिकटवायचं काम, आजोबा लोकांच्या घरून पिशवी आणून देण्याचं काम आम्ही करू, त्यासाठी तुमचा माणूस नको. आमच्या भागातल्या काही सोसायट्यांशी बोलणं झालंय, बायका तयार आहेत, पुरुष म्हणाले 'बघू'.

नवरात्राच्या आधी एक बैठक ठेवा एवढी विनंती. दुपारी ठेवलीत तरी चालेल, रात्री दुकान बंद झाल्यावर दहाला ठेवलीत तरी येऊ.

तुमची नेहमीची गिऱ्हाईक,
सिंहगड रोड, पुणे

प्रत : अन्न व औषध प्रशासन, पुणे विभाग, घनकचरा व्यवस्थापन विभाग, पुणे महानगरपालिका

ता. क. : हे पत्र वाचून कुणी लगेच घरचा डबा आवरायला घेतला तर, डबे बसेपर्यंतची सोय अशी. ती सतरा औषधं सोडून बाकीच्या गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, घट्ट पिशवीत बांधा, बाहेर मोठ्या अक्षरात 'औषधं' लिहा आणि कचऱ्याच्या ताईंना तोंडी सांगून द्या. केमोच्या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट यात घालू नका, त्यांना हात न लावता पाकिटासकट वेगळं ठेवा आणि ज्या हॉस्पिटलमध्ये ट्रीटमेंट चालू आहे तिथे परत घेतात का विचारा. दम्याचे इनहेलर कधीच जाळू नका, आत दाबानं भरलेला वायू असतो, फुटतो. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडूनं लोटू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच, पंखा बंद करून खिडकी उघडा, जाड कागदानं थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवा.